हाताच्या पलीकडचं ताट

आधीच सांगून टाकते... असे अनुभव मी आवडीने वाचते, पण आजवर एकावरही माझा विश्वास बसला नव्हता. वाचता वाचता मी मनात कारणं शोधत बसायचे — हा माणूस दमलेला असेल, त्या बाईला ताप असेल, मांजर असेल, वारा असेल. माझं कामच तसलं आहे. माणसाचा मेंदू माणसाला किती बेमालूम फसवतो, हे मी रोज बघते. त्यामुळे स्वतःवर वेळ आली तेव्हाही मी आधी कारणंच शोधली. ती सगळी संपली, म्हणून आज हे लिहायला बसलेय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फिजिओथेरपी लोकांना माहीत असते, पण हे नाव सांगितलं की "म्हणजे नोकरी लावून देता का?" असं विचारणारे भेटतात. तर तसं नाही. स्ट्रोक झालेल्या, अपघातात सापडलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावं, शर्टाची बटणं लावता यावीत, न पडता अंघोळ करता यावी — ते शिकवणं हे माझं काम. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन म्हैसूरला आले. जयलक्ष्मीपुरममध्ये एक लहानसं क्लिनिक आहे, त्यांच्याकडून पेशंटच्या घरी जाते. कधी एच. डी. कोटेच्या बाजूला, कधी के. आर. नगरला. स्कूटरच्या डिकीत जाड मुठीचे चमचे, रबरी मॅट, रंगीत टेप, कपड्यांच्या क्लिपा... खेळणीवाल्यासारखा सगळा पसारा.

ही गोष्ट के. आर. नगरची. बाजाररस्ता संपतो तिथून आत गेलं की कालव्याकडे जाणारी एक गल्ली लागते. तिच्या टोकाचं कौलारू घर. पुढे ओटा, मागे थेट भातशेती. घरात दोनच माणसं. रामोजीराव, वय सत्तरीच्या पुढे, आणि त्यांची मुलगी सावित्री, पन्नाशीची, बिनलग्नाची. रंगाऱ्यांचं घराणं. आजोबा-पणजोबा साड्या रंगवायचे. रामोजीरावांनी बाजारात ब्लाउजपीस आणि अस्तराचं दुकान टाकलं होतं. पिढ्यान् पिढ्या इथेच, पण घरात मराठी. म्हणजे त्यांची मराठी... अर्धी कन्नडच.

रामोजीरावांना स्ट्रोक होऊन डावी बाजू गेली होती. मी दारात चप्पल काढली तशी आतून आवाज आला, "बरी, बरी! मराठी डॉक्टरम्मा आली बघ सावित्री. कॉफी टाक की, सुम्ने उभी राहू नको."

"बरी" म्हणजे या, आणि "सुम्ने" म्हणजे उगाच, रिकामी. सावित्री उगाच उभी नव्हती. तिच्या हातात त्यांचंच धुतलेलं धोतर होतं. पण ती धोतर खांद्यावर टाकून आत गेली. माणूस मोठा रुबाबदार होता. अर्धं अंग लुळं पडलेलं, तरी खुर्चीत गल्ल्यावर बसल्यासारखे बसायचे. मला म्हणाले, "पैसा बघू नका मॅडम. उत्तम ट्रीटमेंट पाहिजे. मी असा पडून राहणाऱ्यातला नव्हे."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. तेव्हा मी त्यावर काही विचार केला नाही.

त्यांची मुख्य तक्रार जेवणाची होती. उजवा हात धडधाकट, तरी पोटभर जेवता येत नव्हतं. "ही ताट लांब ठेवते," ते म्हणाले. "हात पोचत नाही."

"मी जवळच ठेवते, अप्पा," सावित्री म्हणाली. आवाजात ना राग, ना लाड.

मला कारण लगेच कळलं. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की कधी कधी पेशंटच्या जगातून डावी बाजूच नाहीशी होते. डोळे चांगले असतात, पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरतो. ताटाच्या उजव्या अर्ध्यातला भात संपवून हे लोक म्हणतात, अजून वाढा. रामोजीराव अगदी तसेच होते. डावीकडून हाक मारली तरी मान उजवीकडेच वळायची. मी टेबलावर डावीकडे, कडेपासून हातभर आत, लाल टेप लावली — जेवताना लाल रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, असा तो सराव असतो. उजव्या हाताशी रबरी मॅट टाकली. तिच्यावर ठेवलेलं ताट ढकललं तरी सरकत नाही. सावित्रीला सगळं दाखवलं आणि मी निघाले. सोपी केस, असंच वाटलं होतं मला.

पुढच्या खेपांना डावा हात सुधारत होता, तोल सुधारत होता, पण माणूस वाळत चालला होता. दर वेळी तेच — "ताट लांब होतं." मी सावित्रीकडे बघायचे. ती माझ्याकडे शांतपणे बघायची.

एकदा त्याच भागातली दुसरी व्हिजिट रद्द झाली, म्हणून मी न कळवताच भर दुपारी त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं. रामोजीराव एकटेच टेबलाशी. सदरा घामाने चिंब, उजवा हात टेबलावर लांबवलेला, बोटं ताणून पांढरी पडलेली. आणि ताट... लाल टेपच्या पलीकडे, टेबलाच्या डाव्या टोकाला. सारभात जसाच्या तसा, वर साय धरलेली. त्यांच्या बोटांपासून वीतभर लांब.

मी ताट पुढे ओढलं. ते अधाशासारखे जेवले. माझं डोकं असं तापलं होतं की सांगता सोय नाही. तशीच बाजारात त्यांच्या दुकानात गेले. सावित्री गिऱ्हाइकाला अस्तराचा रंग जुळवून दाखवत होती. ते जाईपर्यंतही मी कशीबशी थांबले.

"लाज नाही वाटत? म्हाताऱ्या बापाला उपाशी मारताय? मी क्लिनिकला कळवणार आहे. पोलिसांत सुद्धा जाईन."

तिने कापडाची गुंडाळी नीट फळीवर ठेवली. मग म्हणाली, "बसा की मॅडम. सांगते. मग कुठं जायचं तिथं जावा."

मग तिने तिच्या आईबद्दल सांगितलं. आईचं नाव चंद्राबाई. बऱ्याच वर्षांपूर्वी तिलाही स्ट्रोक झाला होता. तिचीही डावीच बाजू गेली होती. तेव्हा रामोजीरावांनी तिला मागच्या खोलीत चटईवर टाकलं. ट्रीटमेंट नाही की काही नाही. "बाईमाणूस घरात पडून राहिली तर काय बिघडलं," म्हणाले. सावित्रीला त्यांनी दुकानात बसवलं. दुपारी आईचं ताट ते स्वतः ठेवायचे... तिच्या डाव्या अंगाला.

"तिला दिसायचंच नाही हो ते. तुम्ही अप्पाला टेप लावून शिकवलात बघा, तेव्हा मला कळलं, आईला का दिसत नव्हतं. सुरुवातीला मीच समजायची, आई जेवायला नको म्हणते." तिने गल्ल्याचा खण लावला. "एकदा मी लवकर घरी आले. आई चटईवर सरपटत होती, हात असा पुढं करून. अप्पा दारात उभे. मी ताट उजवीकडं सरकवलं, तर त्यांनी पायानं परत तिकडं लोटलं. म्हणाले, हात लांब कर म्हणावं. आळशी झालीय. सवय लागेल."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले. मार खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून दुकानाला बाहेरून कुलूप लावून मला आत बसवून जायचे, दोन्ही जेवणांच्या वेळी. आई त्या खोलीत नुसती हाडं उरली होती, मॅडम. शेवटी गेली. लोकांना सांगितलं, स्ट्रोकनं गेली."



"आता पोलिसांत सांगायचं ते सांगा," ती म्हणाली. "पण एक ऐका. ताट मी लांब ठेवत नाही. ठेवलं असतं तर सांगितलं असतं. आनंदानं सांगितलं असतं."

खरं सांगते, मला तिचा राग यायचा थांबला, पण विश्वास बसला नाही. इतका मोठा सूड उराशी घेऊन बसलेली बाई आणि तिच्या हातात रोजचं ताट... कोण विश्वास ठेवेल? म्हणून मी ठरवलं, एकदा डोळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावायचा.

पुढच्या खेपेला मी जेवणाच्या वेळीच गेले. मागचं दार आतून लावलं. मॅट मी टाकली, ताट मी वाढलं, ताकाचा पेला मी ठेवला. सगळं उजव्या हाताशी. मग सावित्रीला घेऊन ओट्यावर आले, तिला माझ्या शेजारी बसवलं, आणि खिडकीतून आत बघत राहिले. खिडकी टेबलापासून फार लांब नव्हती. लख्ख ऊन होतं. मागच्या शेतातल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

रामोजीरावांनी हात पुढे केला. बोटं टेबलावर टेकली. तिथे काहीच नव्हतं.

ताट सरकताना मी पाहिलं नाही. सरकलं असतं तर मॅटसकट सरकलं असतं, आवाज झाला असता. मॅट होती तिथेच होती, त्यावर पेल्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ होतं. आणि ताट आणि पेला लाल टेपच्या पलीकडे. सावित्रीचा हात माझ्या हातात होता. मीच धरून ठेवला होता.

मी आत धावले. पहिला विचार एवढाच — माणूस भुकेला आहे, त्याला आधी ताक देऊ. पेला उचलला आणि त्यांच्याकडे नेऊ लागले... आणि माझा हात थांबला.

हे नीट सांगायला हवं. कुणी मनगट धरलं नव्हतं. थंडगार काही लागलं नाही, वास आला नाही. हात दुखलाही नाही. मी रोज पेशंटच्या हातांबद्दल लिहिते — ताकद किती, आखडलेला किती, कंप आहे का. त्यातलं काहीच नव्हतं. नुसता पुढे जाईना. त्यांच्या ओठांपासून वीतभर अलीकडे पेला थांबला, आणि मी कितीही जोर केला तरी तिथून तसूभर पुढे सरकेना. मागे घेतला तर सहज येत होता. ताक हिंदकळून माझ्याच अंगावर सांडलं.

आणि तेव्हा रामोजीरावांनी मान वळवली. डावीकडे.

महिनोन्महिने मी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला होता — काका, डावीकडे बघा, लाल रेघ बघा — तो माणूस कुणी न सांगता पूर्ण डावीकडे वळला आणि थेट समोर कुणी बसलेलं असावं तसा बघू लागला. तिथे रिकामी खुर्ची होती.

"सरकव की इकडं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, जोरात, "चंद्रे, सरकव म्हणतो ना!"

मग ते गप्प झाले. ऐकत असल्यासारखे. चेहऱ्यावरचा सगळा रुबाब हळूहळू उतरत गेला.

"काय म्हणते?" दारातून सावित्रीने विचारलं. तिला भीती वाटत नव्हती. ती हे विचारायला जन्मभर थांबली असावी, तसा आवाज होता.

रामोजीराव माझ्याकडे बघून म्हणाले, "हात लांब कर म्हणते."

 मी भिंतीला टेकून खाली बसले. सावित्री आत आली, तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि सरळ बापाच्या ओठांना लावला. तिचा हात अडला नाही. ते घटाघट प्यायले.

तेव्हापासून ते असंच राहिलं. एक बाई ठेवून बघितली, ती आठवडाही टिकली नाही. "त्या घरात माझा हात आखडतो," म्हणाली आणि पळाली. घरात फक्त सावित्रीचा हात त्यांच्या तोंडापर्यंत पोचत होता. ज्या मुलीला कुलूप लावून बसवलं, तिच्या हाताशिवाय घास नाही. न्याय म्हणायचा तर असा... पण जवळून बघताना न्यायही फार भयाण दिसतो.

आणि सावित्रीने आता काय करावं? ती ताट घेऊन समोर बसायची, घास कालवायची, आणि म्हणायची, "आधी आईला म्हणा, चुकलं."

"नाही म्हणणार," रामोजीराव म्हणायचे. "मी नवरा होतो तिचा. मला अधिकार होता."

मग ती घास खाली ठेवायची. मी मध्ये पडले, ओरडले, हे चालणार नाही म्हणाले. "मॅडम, मी त्याला मारत नाही," ती म्हणाली. "एक शब्द मागते. तेवढा पण महाग आहे का त्याला?" शेवटी भरवायची ती, पण अर्धपोटी. दोन हट्टी माणसं समोरासमोर. तिसरं कोण ते टेबलाच्या डाव्या टोकाला.

मी क्लिनिकमधल्या डॉक्टरांना सांगितलं, म्हणजे जेवढं सांगता येईल तेवढं. नळीने अन्न द्यायचं ठरलं. म्हैसूरला आणायला गाडीही सांगितली. गाडीत बसायच्या आधी मी शेवटची त्यांच्यापुढे बसले होते. सावित्री त्यांचे कपडे भरत होती. टेबलावर तिने ठेवलेलं केळं होतं, सोललेलं, उजव्या हाताशी ठेवलेलं... आणि अर्थातच पलीकडे गेलेलं.

रामोजीरावांनी त्याच्याकडे बघितलं. मान डावीकडे वळवायला आता त्यांना मी लागत नव्हते. खूप वेळ बघत राहिले आणि मग रडू लागले. स्ट्रोकनंतर पेशंट कधी कधी उगाच रडतात, ते रडणं मला ओळखता येतं. हे तसं नव्हतं.

"चुकलं," ते म्हणाले. "चंद्रे, चुकलं माझं. तुझं ताट मी लोटलं. तू भुकेनं गेलीस. माझ्यामुळं गेलीस. चुकलं."

सावित्रीच्या हातातला सदरा खाली पडला. ती टेबलाजवळ आली. मी त्या केळ्याकडे बघत होते. तीही बघत होती. रामोजीरावांनी हात लांब केला. लहान मुलासारखा, हळूच, आशेने.

केळं होतं तिथेच राहिलं. त्यांची बोटं वीतभर अलीकडे पोचली आणि थांबली.

"आई," सावित्री म्हणाली. "पुरे आता. म्हणाले की ते."

काही नाही. घर शांत. मागे शेतात कुणीतरी पंप सुरू केला.

"आई, होगली. जाऊ दे." तिचा आवाज फुटला. आईच्या मरणाबद्दल सांगताना जी रडली नव्हती, ती आता हुंदके देऊन रडत होती. बराच वेळ उभी राहिली. मग तिनेच ते केळं उचललं, तुकडा मोडला आणि बापाच्या तोंडात घातला. त्या दिवशी तिने अट घातली नाही. त्यानंतर कधीच घातली नाही.

रामोजीराव नळी लावून काही महिने जगले. हॉस्पिटलात ताट, पेला, काहीच हललं नाही. नर्सचे हात अडले नाहीत. पण ते जेवायला हात पुढे करायचेच बंद झाले होते. पोचणार नाही, म्हणायचे. गेले तेही झोपेत, शांतपणे. सावित्री त्याच घरात राहते. तिला काही त्रास नाही. मी तिच्याकडे कधी कधी जाते, जेवते, माझा हात व्यवस्थित तोंडापर्यंत जातो.

मी माझ्या सरांना विचारलं, न्यूरॉलॉजिस्टना विचारलं. रामोजीरावांपुरतं त्यांनी बरंचसं समजावलं — अंतराचा अंदाज जाणं, भास, अपराधीपणा. माझ्या हाताबद्दल म्हणाले, घाबरलात. असेल. पण पेला उचलला तेव्हा मी घाबरले नव्हते. हात थांबल्यावर घाबरले. आणि मॅटवरचं ताट कुणी हलवलं, सावित्रीचा हात माझ्या हातात असताना, हे विचारलं तर त्यांनी विषय बदलला. 

पण रात्री जाग येते ती त्यासाठी नाही. अशा गोष्टींत माफी मागितली की आत्मा शांत होतो, असंच आपण ऐकलेलं असतं ना? आम्हा दोघींनाही त्या क्षणी अगदी तेच वाटलं होतं. त्या माणसाने खरोखर, मनापासून मागितली. मी होते तिथे.

आणि तरी ते केळं सरकलं नाही.